कॉलेज चांगलं आहे हे कोणी सांगायचं?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, आणि समोर बसलेल्यांत निम्मे तरी शिक्षक किंवा शिक्षकांची मुलं आहेत. म्हणून मी विषय शिक्षणाचाच घेतला. तोही या आठवड्यात आपल्या घराघरांत चर्चेत असलेला. बारावीचा निकाल लागला आहे. प्रवेशाची धावपळ सुरू झाली आहे. मुलगी म्हणते इकडे जाते, बाबा म्हणतात तिकडे जा, आणि मध्येच मामाचा फोन येतो की अमक्या कॉलेजला नॅकची ग्रेड चांगली आहे, तिथेच घाला. आपल्या इंदुरात फूटी कोठीपासून अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत गेलात तरी कॉलेजांच्या जाहिराती दिसतात. ए ग्रेड, ए प्लस, मान्यताप्राप्त, संलग्न. मान्यता कोणाची? संलग्न कोणाशी? आणि हा ए प्लस कोणी दिला, काय बघून दिला, किती दिवसांत दिला?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिक्षणाचा दर्जा वर्गात, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात तयार होतो. दिल्लीत किंवा बंगळुरूत बसलेली राष्ट्रीय संस्था तो तयार करू शकत नाही. तिच्याकडून आपण एक गोष्ट हक्कानं मागायला हवी: कॉलेज स्वतःबद्दल जे सांगतं ते खरं आहे, याची हमी. आज सगळ्यांत कच्ची आहे ती हीच हमी, आणि ती पक्की कशी होईल हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

थोडं मागे जाऊ. महाराज शिवाजीराव होळकरांनी १८९१ साली होळकर कॉलेज काढलं. तेव्हा इंदुरात विद्यापीठ नव्हतं. कॉलेज जोडलं गेलं कलकत्ता विद्यापीठाला. पुढे अलाहाबाद, मग आग्रा, मग उज्जैनचं विक्रम, आणि १९६४ मध्ये इंदूर विद्यापीठ निघालं, ज्याला आपण आज देवी अहिल्या विद्यापीठ म्हणतो. कलकत्त्याच्या विद्यापीठाला इंदूरच्या कॉलेजचा दर्जा कसा कळत असे? परीक्षेतून. प्रश्नपत्रिका तिकडून यायची, उत्तरपत्रिका तिकडे जायची, तपासणाऱ्याला विद्यार्थी कोण, कोणाचा, हे ठाऊक नसायचं. शिक्षकाला वाटलं म्हणून मुलगा पास होत नसे. या पद्धतीत एक कठोर न्याय होता. पण तिनं एक सवयही लावली, जी अजून सुटलेली नाही. परीक्षेला जे येईल तेवढंच शिकवायचं, आणि निकाल चांगला लागला की कॉलेज चांगलं. ग्रंथालयाला कुलूप असलं तरी चांगलं.

स्वातंत्र्य मिळालं आणि राधाकृष्णन आयोगानं सांगितलं की विद्यापीठांना अनुदान देणारी आणि त्यांचा दर्जा राखणारी एक मध्यवर्ती संस्था हवी. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला, १९५६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. राज्यघटनेत संघसूचीची ६६वी नोंद आहे. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय आणि निश्चिती ही केंद्राची जबाबदारी, असं ती सांगते. कायदा झाला त्याच वर्षी आयोगाच्या अध्यक्षपदी कोण आले? चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९६१ पर्यंत ते तिथे होते. बँकेचे हिशेब सांभाळलेला माणूस विद्यापीठांच्या दर्जावर नेमला गेला, हे मला फार योग्य वाटतं. ठेवीदाराचा विश्वास म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नसेल.

पण त्या कायद्याच्या हातात हत्यार कोणतं होतं? अनुदान. आयोगानं विद्यापीठाची तपासणी करावी, शिफारस करावी, ती पाळली नाही तर अनुदान रोखावं. जोपर्यंत बहुतेक संस्था सरकारी पैशावर चालत होत्या तोपर्यंत याला धाक होता. जी संस्था अनुदान घेतच नाही, तिचं काय रोखणार? पदवी देण्याचा अधिकार नसताना पदवी वाटली, तर या कायद्यातली शिक्षा ठाऊक आहे? दंड, जास्तीत जास्त १,००० रुपये. १९५६ साली ती रक्कम मोठी होती. आज एका सेमिस्टरच्या परीक्षा-शुल्काशी तिची तुलना करा.

याचं टोक आपल्या शेजारच्या राज्यात दिसलं. छत्तीसगडनं २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि थोड्याच काळात ११२ विद्यापीठांची अधिसूचना काढली. एकशे बारा! काहींना स्वतःची इमारत नव्हती, शिक्षक नव्हते, नाव मात्र होतं. शास्त्रज्ञ आणि आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयानं त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली. निवृत्त माणसाला हे करावं लागलं, याचा अर्थ काय? दर्जाची निश्चिती ही घटनेनं केंद्राकडे दिलेली जबाबदारी असूनही दारावरचा पहारेकरी जागा नव्हता, किंवा त्याच्या हातात काठी नव्हती.

आता येऊ नॅककडे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ही कल्पना आली, १९९४ मध्ये बंगळुरूत संस्था उभी राहिली, आणि तिचे पहिले संचालक होते पुण्याचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. अरुण निगवेकर. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. २०२२ मध्ये ते गेले. नॅकची मूळ मांडणी आजही वाचण्यासारखी आहे. कॉलेजनं आधी स्वतःकडे बघावं, स्वतःचा अहवाल स्वतः लिहावा. मग बाहेरच्या शिक्षकांनी येऊन तो अहवाल आणि प्रत्यक्ष परिस्थिती ताडून पाहावी. येणारे कोण? कॉलेजच्या प्राध्यापकांसारखेच प्राध्यापक. सरकारी इन्स्पेक्टर नव्हेत. एका शिक्षकानं दुसऱ्या शिक्षकाला विचारायचं की हे असं का करता, आणि त्यातून दोघांनी शिकायचं. किती सुंदर कल्पना आहे ही! मला ती तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते.

सुरुवातीला ग्रेडऐवजी तारे मिळत. फाइव्ह स्टार विद्यापीठ म्हणून पुण्यात लोक अभिमानानं सांगायचे. मग अक्षरं आली, मग ४ पैकी गुण. आत्तापर्यंतची पद्धत अशी की ३.५१ च्या वर गेलात तर ए प्लस प्लस, ३.२६ च्या वर ए प्लस, ३.०१ च्या वर ए, आणि असं खाली उतरत १.५० पर्यंत आलात तर प्रत्यायनच नाही. निकष सात. अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन, संशोधन, इमारत आणि ग्रंथालय, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, कारभार, आणि शेवटी मूल्यं. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांसाठी १,००० पैकी तब्बल ३५० गुण एकट्या अध्यापन-मूल्यमापनाला आहेत. म्हणजे कागदावर तरी नॅकनं वर्गखोलीलाच सगळ्यांत मोठं माप दिलं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२०१७ मध्ये पद्धत बदलली. बाहेरच्या प्राध्यापकांची पिअर टीम येते, जेवते, खूश होते आणि गुण देते, अशी तक्रार होती. म्हणून साधारण ७० टक्के भाग आकडेवारीवर नेला. कॉलेजनं आकडे ऑनलाइन भरायचे, पुरावे जोडायचे, ते तिऱ्हाइतानं तपासायचे. विद्यार्थ्यांना ईमेल जाऊ लागले. त्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न असा की वर्गात अभ्यासक्रमाचा किती भाग शिकवून झाला? अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय.

आणि मग काय झालं? ज्यांनी कॉलेजच्या आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षात, काम केलंय त्यांना मी काय सांगणार आहे ते आत्ताच कळलं असेल. मी स्वतः एका कॉलेजात ते काम केलं. नाव घेत नाही. वृक्षारोपण झालं होतं, खरोखर झालं होतं, पावसात चिखलात उभं राहून मुलांनी रोपं लावली होती. पण फोटोवर जिओ-टॅग नव्हता. अक्षांश-रेखांश छापलेला फोटो नसेल तर पुरावा ग्राह्य नाही. मग दिवाळीनंतर त्याच रोपांपाशी मुलांना पुन्हा उभं केलं, हातात फावडी दिली, फोटो काढले. रोपं खरी, फोटो खोटा. त्याच आठवड्यात एका तरुण प्राध्यापकानं मला विचारलं की सर, माझे दोन तास बुडाले, ते कधी घेऊ? फायली पूर्ण होईपर्यंत थांब, असं त्याला सांगण्यात आलं. ज्या निकषाला ३५० गुण आहेत, त्याचे गुण मिळवण्यासाठी तास बुडवले गेले. खोटेपणा असाच शिरतो, हळूहळू, आणि प्रत्येक पायरीवर कोणाला तरी तो नाइलाज वाटतो.

मूल्यांकनाच्या मागे इतका पैसा आणि इतकी प्रतिष्ठा उभी राहिली की पुढच्या पायऱ्या फार लांब नव्हत्या. चांगली ग्रेड म्हणजे स्वायत्तता, जादा प्रवेश, जादा फी. नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन, हेही पुण्याचेच, यांनी मूल्यांकनातल्या गैरप्रकारांकडे बोट दाखवत चौकशीची मागणी केली आणि मार्च २०२३ मध्ये पद सोडलं. पदावर बसलेला माणूस पद सोडून सांगतो आहे, याहून मोठी घंटा कोणती? मग फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या ग्रेडसाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून दहा जणांना अटक केली. त्यात नॅकच्या तपासणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य होते. रोख रक्कम, सोनं, लॅपटॉप जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. न्यायालय निर्णय देईल तो देईल. पण निगवेकरांच्या पिढीनं ज्या बंधुभावावर ही पद्धत उभी केली, त्या भावनेचं काय झालं हे त्या दिवशी दिसलं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्याच राज्याकडे पाहा. मध्य प्रदेशातली नर्सिंग कॉलेजं. तिथे नियामक वेगळे, भारतीय नर्सिंग परिषद आणि राज्याची परिषद. पण प्रश्न तोच. काही कॉलेजांना रुग्णालय नव्हतं. एकाच व्यक्तीचं नाव एकाच वेळी अनेक कॉलेजांच्या शिक्षकांच्या यादीत होतं. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयनं ३०८ कॉलेजं पाहिली आणि १६९ पात्र ठरवली. आणि मे २०२४ मध्ये सीबीआयनंच आपल्या निरीक्षकांना पकडलं, कारण पात्र ठरवण्यासाठी त्यांनी पैसे घेतल्याचा आरोप होता. मग न्यायालयानं त्या १६९ कॉलेजांची पुन्हा तपासणी करायला सांगितली, न्यायिक अधिकारी सोबत घेऊन, व्हिडिओ चित्रीकरण करून. तपासणाऱ्याला तपासणारा, त्याला तपासणारा. किती मजले चढवणार? या सगळ्यात २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलींची पहिल्या वर्षाची परीक्षा वर्षानुवर्षं अडकून पडली. शेतकऱ्याची, रिक्षावाल्याची मुलगी नर्स होईल म्हणून घरानं फी भरली होती. तिची ती वर्षं कोण परत देणार? नियामक चुकला की दंड कधीच संस्थाचालक भरत नाही, तो विद्यार्थी भरतो. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

आपण इंदूरकरांना मूल्यांकन ही गोष्ट नवी नाही. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर अव्वल आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. सर्वेक्षणाची टीम येते तेव्हा आपण झाडून-पुसून ठेवत नाही, रोज सकाळी गल्लीत गाडी येते, आपण ओला-सुका कचरा वेगळा देतो, म्हणून नंबर येतो. रोजची सवय आधी, नंबर नंतर. पण गेल्या डिसेंबरच्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात. रस्ता खरोखर स्वच्छ होता, आणि जमिनीखालची नळी फुटली होती. मूल्यांकन जे मोजतं तेवढंच सांगतं. लोकांनी पाण्याच्या वासाची तक्रार केली तेव्हा ती कोणी ऐकली, यावर जीव अवलंबून होते.

कॉलेजात ती तक्रार करणारा कोण? विद्यार्थी आणि पालक. त्यांना ऐकू येईल आणि वाचता येईल अशी व्यवस्था आहे का? आहे, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. नॅकला दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल कॉलेजनं आपल्या संकेतस्थळावर ठेवावा असा नियम आहे. किती पालकांनी तो उघडला आहे? या सभागृहात हात वर करायला सांगत नाही.

तो कसा वाचायचा, ते एका उदाहरणानं दाखवतो. दुसऱ्या निकषात एक तक्ता असतो: मंजूर पदं किती आणि त्यांवर पूर्णवेळ शिक्षक किती. समजा एका खासगी कॉलेजनं लिहिलं, मंजूर पदं २०, भरलेली २०. शंभर टक्के! पालक खूश. पण थांबा. पदं मंजूर कोणी केली? बहुतेक वेळा संस्थेच्याच व्यवस्थापनानं. वीसच मंजूर केली, वीस भरली, झाले शंभर टक्के. आता त्याच अहवालात विद्यार्थिसंख्या पाहा. ती १,८०० असेल, तर एका शिक्षकामागे ९० मुलं. शंभर टक्क्यांचा तो आकडा आता तुम्हाला वेगळा दिसेल. सरकारी कॉलेजच्या बाबतीत उलटा प्रश्न विचारा. कायम किती आणि अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते नेमलेले, किती? आपल्याकडे अतिथी विद्वानांनी वर्षानुवर्षं कॉलेजं तोलून धरली आहेत. त्यांच्यातले अनेक जण उत्तम शिकवतात. पण जो पुढच्या सत्रात असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर पीएचडीचं मार्गदर्शन कसं उभं राहणार? मग ग्रंथालयाचा खर्च पाहा, पाच वर्षांचा. मूल्यांकनाच्या वर्षीच तो उसळला असेल तर समजून घ्या. आणि शेवटी किती मुलं पदवीपर्यंत पोचली ते पाहा. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती, हे विचारा, परीक्षेला बसलेल्यांपैकी किती, हे नव्हे.

असे चार तक्ते वाचायला अर्धा तास लागतो. पण हा अर्धा तास ग्रेडच्या फलकापेक्षा जास्त सांगतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं होतं की देशातल्या ४३,७९६ महाविद्यालयांपैकी ९,०६२ नॅक-मूल्यांकित आहेत. पाचातलं जेमतेम एक. बाकीच्या चारांचा अहवालच नाही. म्हणून मूल्यांकनात सुधारणा सुचवणाऱ्या डॉ. के. राधाकृष्णन समितीनं (मघाच्या आयोगाचे राधाकृष्णन वेगळे) जी शिफारस केली, की आधी फक्त 'प्रत्यायित आहे' किंवा 'नाही' एवढंच ठरवा आणि सगळ्यांना त्यात आणा, ती मला पटते. प्लस-प्लसची शर्यत थांबेल. सात पायऱ्यांच्या ग्रेडमध्ये लाचेला सात दारं होती. पण अट एक, की त्या 'आहे'च्या मागचे सगळे आकडे उघडे राहिले पाहिजेत. नुसता शिक्का दिला आणि पान झाकलं, तर आज आहे तेही जाईल.

डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक मांडलं गेलं आणि ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. अनुदान आयोग, तंत्रशिक्षणाची एआयसीटीई आणि शिक्षक-शिक्षणाची एनसीटीई यांच्या जागी एक छत्र, त्याखाली विनियमन, गुणवत्ता आणि मानकं यांच्या तीन परिषदा. परवानगी देणारा आणि गुण देणारा वेगळा असावा, हे तत्त्व योग्य आहे. जुना १,००० रुपयांचा दंड जाऊन लाखांत दंड येतो आहे, तेही योग्य. राज्यांना आणि विद्यापीठांना त्यात आवाज किती, यावर मोठा वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. मी समितीपुढे एकच मागणी ठेवीन. गुणवत्ता परिषदेकडे खोट्या माहितीची तक्रार कोणताही विद्यार्थी नाव गुप्त ठेवून करू शकेल, आणि ठरावीक मुदतीत तिचं उत्तर संकेतस्थळावर छापलं जाईल, असं कलम कायद्यातच हवं. नियमावलीत नको, कायद्यात. भागीरथपुऱ्यातल्या माणसांकडे तक्रार होती. ती ऐकण्याची सक्ती कोणावर नव्हती.

कायदा होईल तेव्हा होईल. प्रवेश मात्र आत्ता चालू आहेत. म्हणून संयोजकांशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. जून महिन्यात दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ हेच सभागृह उघडं राहील. निवृत्त प्राध्यापकांपैकी आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन बसू. ज्या पालकांना आणि मुलांना कॉलेज निवडायचं आहे त्यांनी त्या कॉलेजचं नाव घेऊन यावं. अहवाल उघडू, मघाचे चार तक्ते एकत्र वाचू. अहवाल संकेतस्थळावर नसेल तर तिथल्या तिथे कॉलेजला आणि विद्यापीठाला ईमेल लिहू, पालकाच्या सहीनं. ज्या शिक्षकांना आमच्याबरोबर बसायचं आहे त्यांनी जाताना दारापाशी नाव नोंदवावं. पहिल्या शनिवारी नर्सिंगच्या मुलींपासून सुरुवात करायची आहे.